हेर वेंडेल यांची अडकणारी रायफल

इचलकरंजीत माझी आई शेजारणींना सांगायची, "आमच्या उज्ज्वलाच्या सासरी हत्यारांचं दुकान आहे." त्यांना वाटायचं विळे, कोयते, फार तर पाने-पकडी. आईने तो गैरसमज कधी दूर केला नाही, मीही केला नाही. आमच्या घरात उंदीरसुद्धा पिंजऱ्यात धरून ओढ्यापलीकडे सोडायची पद्धत. त्या घरची मुलगी जर्मनीत शिकारीच्या बंदुका दुरुस्त करते, हे सांगायचं तरी कसं.

वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे लोखंडाची भीती मला कधीच नव्हती. पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करत असताना माथियास तिथे मशीन बसवायला आला. लग्न झालं आणि मी कायझर्सलाउटर्नच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात आले. तिथे सासऱ्यांचं, हाइन्त्स यांचं, बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. या कारागिराला इकडे ब्युक्सनमाखर म्हणतात. रीतसर उमेदवारी करावी लागते, परीक्षा द्यावी लागते. माथियासला त्यात रस नव्हता, मला होता. सासऱ्यांना मी पापा म्हणते. त्यांनी मला सगळं शिकवलं, आणि गावाला 'उज्ज्वला' म्हणता येत नाही हे बघून माझं नाव 'उशी' करून टाकलं. इकडे बायकांचं ते नेहमीचं नाव आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आणि गादी कोण?"

कामाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साध्या शिकारी रायफलीत गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलायचा, नवं काडतूस आत जातं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल हेच काम गोळीच्या धुराच्या दाबावर स्वतः करते. बोल्टच्या तोंडाशी नखाएवढी एक पोलादी आकडी असते. ती काडतुसाच्या बुडाची कड पकडते आणि बोल्ट मागे जाताना पुंगळीला ओढून बाहेर काढते. सगळं त्या नखावर चालतं.

अशी रायफल जुनी झाली की अडकायला लागते. कारणं ठरलेली. तेल सुकून चिकट होतं, स्प्रिंग दमते, मॅगझीनचे ओठ वाकतात, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये गंज धरतो, किंवा आकडी झिजते. म्हणून मी आधी रायफल बघतच नाही, गिऱ्हाइकाकडे झाडलेल्या पुंगळ्या मागते. बुडाची कड ओरबाडलेली असेल तर पुंगळी आत चिकटत होती. तोंड चेपलेलं असेल तर ती बाहेर पडता पडता चेमटली. अंगावर बारीक खड्ड्यांचे ठसे असतील तर चेंबर गंजलंय. डॉक्टर जीभ बघतात तसं. एका दंतवैद्याची रायफल दर गोळीला अडकायची. उघडली तर सगळ्या दुकानात भज्यांचा वास. गृहस्थ बरीच वर्षं सूर्यफुलाचं तेल घालत होते. "सेंद्रिय आहे," म्हणाले.

असल्या गमती पुष्कळ. पण मला जी सांगायची आहे ती गंमत नाही.

त्या उन्हाळ्यात जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता. शरद ऋतू आला तरी दुकानासमोरच्या बेकरीवर झेंडा तसाच होता. हाकाऱ्याच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला. इथे हाकारे नारिंगी जॅकेटं घालून, कुत्रे घेऊन झुडपांतून ओरडत जातात, रानडुकरं उठतात, आणि ठरवून दिलेल्या जागांवर उभे असलेले शिकारी गोळ्या झाडतात. माथियास शिकार करत नाही, पण दर वर्षी हाकाऱ्यांत मात्र जातो. जंगलात दिवसभर भटकायला मिळतं म्हणून.

शनिवारी सकाळी हेर वेंडेल, म्हणजे श्रीयुत वेंडेल, दुकानात आले. निवृत्त वनाधिकारी, पापांचे शाळेपासूनचे मित्र. शिकारीचा परवाना काढायला जो अभ्यासवर्ग लागतो, तो आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तेच घेत आलेले. बंदूक हातात घेतली की ती रिकामी आहे का ते आधी डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं, हे अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी शिकवलेलं. मलाही. त्यांची मुलगी कात्रिन त्यांना गाडीतून घेऊन आली होती. "माझी गाडी गॅरेजमध्ये आहे," ते म्हणाले. कात्रिन नजर चुकवून आरसा नीट करू लागली. रायफलीची पिशवी तिने मागच्या सीटवर, बाजूने टेकवून ठेवली होती. ती काढताना माझं सहज लक्ष गेलं. नळीचं तोंड ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीकडे होतं.

"अडकते गं," वेंडेल म्हणाले. "कधी पुंगळी निघत नाही, कधी नवं काडतूस जात नाही. पुढच्या शनिवारी शिकार आहे, त्याआधी होईल का?"

"बघते. रिकामी आहे ना?"

"सेल्ब्स्टफरश्टेंडलिश," ते म्हणाले. अर्थातच. असं विचारल्याचं त्यांना थोडं लागलंही.

दुकानात आत एका कोपऱ्यात वाळूची पेटी आहे. कुणीही, काहीही सांगितलं तरी नळी वाळूकडे धरूनच बंदूक उघडायची, हा पापांचा नियम. मी मॅगझीन काढलं, ते रिकामं होतं. बोल्ट मागे ओढून अडकवला. काहीच बाहेर पडलं नाही. मग मी आत वाकून बघितलं.

जिथे काळोख दिसायला हवा तिथे पिवळा गोल होता. पितळेचा, मधोमध प्रायमरची, म्हणजे बार पेटवणारी, टिकली. चेंबरमध्ये जिवंत काडतूस बसलेलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर ती मागची सीट आणि कात्रिनची पाठ आली. मी स्वतःला सावरलं आणि म्हटलं, "हेर वेंडेल, जरा इकडे येता? आत बघा."

मला वाटलं ते बघतील, दचकतील, खजील होतील. ते आले. दुकानात भरपूर उजेड होता, वर माझा दिवाही लावलेला होता. ते वाकले, नाक अगदी जवळ नेलं, शांतपणे बघितलं, आणि सरळ होत म्हणाले, "गेनाऊ, बरोबर. रिकामी."

काडतूस दिसलं तेव्हा मी घाबरले होते, पण त्या एका शब्दाने मी हादरले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसलंच नव्हतं.

पापा खिडकीपाशी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, उठून आले, आत डोकावले आणि तसेच वाकलेले राहिले. मग हळूच म्हणाले, "कार्ल, त्यात काडतूस आहे."

वेंडेल यांनी बोट आत घातलं. बोटाला पितळ लागलं. त्यांनी बोट झटकन बाहेर काढलं. "काल संध्याकाळी मचाणावर बसलो होतो," ते म्हणाले. "उतरण्यापूर्वी मॅगझीन काढलं, बोल्ट ओढला. काडतूस गवतात पडलं असणार, असं वाटलं."

"शोधलं नाही?" मी विचारलं.

बाहेर कात्रिनने हॉर्न वाजवला, तिला बाजारात जायचं होतं. वेंडेल यांनी टोपी घेतली, दाराच्या चौकटीला हात लावत बाहेर गेले. गाडीत बसलेल्या कात्रिनकडे मला बघवेना.

बोल्ट मागे अडकवला होता, त्यामुळे गोळी सुटायचा धोका नव्हता. मी नळीच्या तोंडातून पितळी सळई सोडली आणि अलगद दाबून काडतूस मागे काढलं. ते वाळूत पडलं. उचलून बघितलं तर प्रायमरवर बारीक ठिपका होता. बोल्ट जोरात बंद झाला की आतली सुई पुढे सरकून टेकते, त्याची खूण. तेवढ्याने बार उडत नाही. सहसा तरी.

दुपारी मी रायफल पूर्ण खोलली. अडकण्याचं कारण शोधायला वेळ लागला नाही. आकडीची धार गोल होऊन गेली होती, कडेवरून सरळ घसरत होती. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे होते, पुंगळी त्यांत रुतून बसत असणार. काडतूस आत गेलं तरी आकडी त्याच्या कडेवर चढलीच नव्हती, म्हणून आदल्या संध्याकाळी बोल्ट मागे आला आणि काडतूस जागेवर राहिलं. इथवर नेहमीचंच होतं. नवी आकडी, नवी स्प्रिंग, चेंबर घासून बघायचं, नाहीतर नळी बदलायची.

पण मला चैन पडेना. या माणसाची रायफल अशी असायचीच नाही. बाहेरून ती आरशासारखी होती. लाकडाला तेल पाजलेलं, बोल्टचा दांडा चकचकीत, ट्रिगरच्या कडीत धुळीचा कण नाही. आत चेंबरच्या कोपऱ्यात मात्र काजळीचा थर, धुराच्या वाटेवर पापुद्रे, आकडीच्या खाचेत पानांचा चुरा. मी एकेक भाग फडक्यावर मांडत गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. हाताला लागतं ते सगळं स्वच्छ होतं. डोळ्यांनी बघावं लागतं ते सगळं सडलेलं होतं. आणि तो थर काही एका हंगामाचा नव्हता.

मी पापांना बोलावून दाखवलं. त्यांनी एकेक भाग उचलून उजेडात धरला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "डोळे कमजोर झालेत हे माहीत होतं. मधलं दिसत नाही त्याला, फक्त कडेचं दिसतं. इतकं असेल असं वाटलं नव्हतं."

"आणि तरी तुम्ही त्यांच्याबरोबर शिकारीला जाता?"

"उशी, त्याची बायको गेली. नोकरी कधीच संपली. जंगल तेवढं उरलंय. ते मी काढून घेऊ त्याच्याकडून?" मग म्हणाले, "असं करू, तू रायफल दुरुस्त कर. मी त्याला सांगतो, यंदा नुसता बस, झाडू नकोस."

इतक्या वर्षांत मी पापांशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. मराठीतच बोलले, कारण जर्मन सुचेना. त्यांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला. ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि पेपर उलटा धरून बसले.

रविवारी दुपारी मी एकटीच वेंडेल यांच्या घरी गेले. त्यांनी कॉफी केली. कपात ओतताना त्यांनी तर्जनी कपाच्या काठाच्या आत धरली होती. कॉफी बोटाला लागली तसे थांबले. इतकं सराईतपणे, की ही सवय जुनी असणार.

मी काही आडपडदा ठेवला नाही. आकडीबद्दल सांगितलं, गंजाबद्दल सांगितलं, कुठे काजळी होती आणि कुठे नव्हती ते सांगितलं. ते एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसं मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तू चांगली शिकलीस."

"मी ती रायफल तुम्हाला परत देणार नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही स्वतः परवाना परत केला नाहीत तर मी परवाना देणाऱ्या ऑफिसात जाऊन सांगेन."

त्यांनी कप खाली ठेवला. खिडकीकडे तोंड केलं. मग जे बोलले ते मी अजून कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही, पण आता ते नाहीत आणि त्यांनी स्वतःच पुढे ते चारचौघांत सांगितलं, म्हणून लिहिते.

"आस्टाला मी मारलं," ते म्हणाले.

आस्टा आमची कुत्री. आदल्या वर्षीच्या शिकारीत ती माथियासच्या पुढे पळत होती आणि कुणाच्या तरी गोळीने गेली. कुणाची, ते कळलं नाही. कुणीच कबूल झालं नाही. माथियासने तिला जॅकेटात गुंडाळून घरी आणलं होतं. आमच्या परसात खड्डा खणायला जे आले, त्यांत हेर वेंडेल होते. फावडं त्यांच्याच हातात होतं.

"झुडपातून काहीतरी तपकिरी धावलं," ते सांगत होते. "मला मधोमध धूसर डाग दिसतो, कडेला हालचाल दिसते. डुकराचं पिल्लू वाटलं. झाडली. ती पडली. मग तिच्या मागून दुसरं काहीतरी आलं, मोठं. मला वाटलं मादी असणार. मी परत ट्रिगर ओढला."

मी माझा कप खाली ठेवला.

"बार उडाला नाही," ते म्हणाले. "पुंगळी आतच राहिली होती, मागून नवं काडतूस तिच्यावर आदळून अडकलं होतं. मी बोल्टशी झटापट करत होतो, तेवढ्यात तुझ्या नवऱ्याचा आवाज आला. आस्टाला हाक मारत होता."

काल सकाळपासून ज्या झिजलेल्या आकडीला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, ती त्या दिवशी धड असती, तर खड्डा परसात नाही, दफनभूमीत खणावा लागला असता. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, काहीच येत नव्हतं. भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे मी नुसती बघत होते.

"मग ती दुरुस्त करायला का आणलीत?" शेवटी एवढंच विचारता आलं.

"वर्षभर तिला हात लावला नव्हता," ते म्हणाले. "मग पानं गळायला लागली. आमंत्रण आलं. मला वाटलं, यंदा जास्त सांभाळून राहू. रायफल नीट झाली की मीही नीट होईन, असं काहीतरी वाटत होतं. मूर्खपणा आहे, हे तू सांगायला नको."

मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "माथियासला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"हो," ते म्हणाले. "ते माझंच काम आहे."

मी त्यांना तसंच गाडीत घालून घरी आणलं. वाट बघितली असती तर त्यांचा धीर सुटला असता, कदाचित माझाही. माथियास गॅरेजमध्ये हिवाळ्याचे टायर बसवत होता. वेंडेल दारातच उभे राहिले आणि मला सांगितलं होतं तसंच, काही न वगळता त्याला सांगितलं. दुसऱ्यांदा ट्रिगर ओढल्याचंही. पापा आवाज ऐकून बाहेर आले होते. ते ऐकता ऐकता पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांना कुत्रीचं माहीत नव्हतं, मुलाचं तर नाहीच.

माथियासने हातातला पाना खाली ठेवला. त्याने एकच गोष्ट विचारली, "आस्टाला त्रास झाला का?"

"मी पोहोचलो तेव्हा ती गेली होती," वेंडेल म्हणाले. "गळ्यातला पट्टा चाचपला तेव्हा खात्री पटली. तू दुसरीकडे तिला शोधत होतास, मी गुपचूप जागेवर परतलो."

माथियास मागच्या दाराने परसात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. वेंडेल यांना पापांनी घरी सोडलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी परवाना परत केला. सगळ्या बंदुका पापांनी आणि कात्रिनने मिळून ऑफिसात जमा केल्या. ती रायफल मी पुन्हा जोडून दिली, आकडी न बदलता. त्यांनी तसं सांगितलं होतं. खोटं कशाला सांगू, माझे हात शिवशिवत होते. चांगल्या बनावटीचं जुनं यंत्र, दोन दिवसांत बोलायला लागलं असतं. ते भंगारात गेलं. त्या नखाएवढ्या पोलादाबद्दल मला नेमकं काय वाटतं, हे मला आजही ठरवता येत नाही. ज्या दोषामुळे कात्रिनच्या पाठीमागे भरलेली बंदूक गावभर फिरली, त्याच दोषामुळे माझा नवरा घरी आला. कारागिराने कुणाच्या बाजूने व्हायचं?

पापा त्यानंतर शिकारीला गेले नाहीत. दुकानात मात्र ते बदलले. कुणी जुना दोस्त आला की आधी खिडकीतून त्याला गाडी लावताना बघायचे, मग दूरवरचा बोर्ड वाचायला लावायचे. काही लोक चिडले, काही कायमचे दुसऱ्या दुकानात गेले.

वेंडेल यांनी एक केलं, ज्याची मला अपेक्षा नव्हती. परवान्याच्या अभ्यासवर्गात त्यांनी शिकवणं सोडलं, पण दर वर्षी एक संध्याकाळ मागून घेतली. नव्या मुलामुलींसमोर उभं राहून ते आपली गोष्ट सांगायचे. मी एकदा मागे बसून ऐकली. कुत्रीचं नाव घ्यायचे, माथियासचं घ्यायचे नाहीत. आवाज कापायचा नाही. "मला दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं," असं वाक्य ते सावकाश म्हणायचे आणि वर्गात कुणी हलायचं नाही.

वर्ग शेजारच्या गावात असायचा. तोवर त्यांना कडेचंही दिसेनासं झालं होतं, कात्रिन हॅनोव्हरला राहायला गेली होती आणि संध्याकाळच्या बसचा भरवसा नव्हता. त्या वर्षापासून त्यांना माथियास नेऊ लागला. कुणी सांगितलं नव्हतं. तो नुसताच गाडी काढून त्यांच्या दारात उभा राहिला. पुढे ते गेले तोवर दर वर्षी नेत राहिला. वर्गात मात्र कधी बसला नाही, गाडीतच थांबायचा.

मी एकदा विचारलं, "वाटेत तुम्ही दोघं काय बोलता?"

"काही नाही," माथियास म्हणाला. "ते सीटबेल्ट शोधत असतात. मी लावून देतो."